शरणागती आणि स्वातंत्र्य : पंडिता रमाबाईंची साक्ष

श्रद्धा ही शरणागती असेल, तर तिच्यातून स्वातंत्र्य कसे संभवते? ख्रिस्ती विचारपरंपरेने हा पेच टाळलेला नाही. मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या निबंधात श्रद्धावान मनुष्य एकाच वेळी कोणाच्याही अधीन नसलेला आणि सर्वांचा सेवक असतो, असे प्रतिपादन केले. ही विसंगती वरवरची आहे. मुक्ती जर स्वकर्तृत्वाने कमवावयाची नसून कृपेने लाभत असेल, तर ती विकणारा वा रोखून धरणारा मध्यस्थ उरत नाही. आणि मिळवावयाचे काही शिल्लक नसल्यामुळे सेवा हा सौदाही राहत नाही.

तथापि या युक्तिवादावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जुने जोखड टाकून नवे जोखड स्वीकारणे याला स्वातंत्र्य म्हणावे काय? या आक्षेपाचे उत्तर सिद्धान्तात नव्हे, तर आयुष्यातच शोधावे लागते. ज्या संस्थेच्या हातून श्रद्धा लाभली, तिच्याही समोर श्रद्धावंताची सदसद्विवेकबुद्धी उभी राहते की नाही, हा त्याचा निकष होय.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र या निकषावर पारखून पाहण्याजोगे आहे. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केलेला आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना प्रथम जाणवतो तो आज्ञाधारकतेचा अभाव. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीच्या शंका त्या लपवीत नाहीत. पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी घेतलेली हरकत त्यांना मान्य होत नाही. क्रूसावरील लॅटिन अक्षरांच्या जागी त्यांना संस्कृत शब्द हवे असतात. पुरोहितवर्गाच्या अधिकाराचा अनुभव घेऊन आलेली ही विदुषी दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे मान तुकविण्यास तयार नव्हती.

येथे कोणी म्हणेल, हे बुद्धीचे स्वातंत्र्य झाले, आत्म्याचे नव्हे. रमाबाईंनाही तो भेद ठाऊक होता. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात दिली. त्या निःशेष समर्पणाचा अनुभव त्यांना १८९१ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला. मग समर्पणाने प्रश्न विचारणारी रमाबाई संपली काय? त्यांचे उत्तरायुष्य तसे सांगत नाही. बायबलचे मराठी भाषांतर उपलब्ध असतानाही त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा सुबोध मराठीत स्वतंत्र भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथापुढे त्या नतमस्तक झाल्या, तो दुसऱ्याच्या शब्दांत स्वीकारून त्या थांबल्या नाहीत. समर्पणाने येथे जिज्ञासेला विराम नव्हे, तर प्रयोजन दिले.

परंतु स्वतःच्या विवेकाचे स्वातंत्र्य मागणाऱ्याला दुसऱ्याच्या विवेकाचे उत्तरदायित्व चुकत नाही. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन पुढे पुण्यात आलेल्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी त्यांच्या प्रार्थनेत सामील होऊ लागल्या, तेव्हा वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी असलेला संबंध तोडला. सक्ती केलेली नाही, आणि स्वतःची प्रार्थना दार लावून करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. ती प्रामाणिक होती. पण पुरेशी होती काय? अन्न, वस्त्र आणि आश्रय ज्या हातून मिळतो, त्या हाताचे जोडले जाणे निराधार मुलीला निव्वळ एक दृश्य वाटणे अवघड आहे. उलटपक्षी, विधवेने धर्माविषयी स्वतः निवड करूच नये, असे मानणाऱ्यांनीही तिच्या विवेकाला मोकळे ठेवले नव्हते.

म्हणून रमाबाईंची साक्ष दुहेरी आहे. शरणागती स्वातंत्र्याला मारक असतेच असे नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. मात्र कृपा ही देणगी असेल, तर ती नाकारण्याची मोकळीकही त्या देणगीत अंतर्भूत असली पाहिजे. श्रद्धेतून मिळालेले स्वातंत्र्य खरे किती, हे अखेर श्रद्धावंताच्या आनंदावरून नव्हे, तर त्याच्या आश्रयाला असणाऱ्याला 'नाही' म्हणता येते की नाही, यावरून ठरते.