दोन दानांची सांगड

दान कोणास द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणत्या बुद्धीने द्यावे, याचा विचार आपल्याकडे गीतेच्या सतराव्या अध्यायापासून चालत आलेला आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य काळी, पात्र व्यक्तीस दिलेले दान ते सात्त्विक, अशी तेथली कसोटी. दारी आलेल्या अतिथीला गृहस्थाने दिलेल्या दानास ती सहज लागू पडते. परंतु दाता कॅलिफोर्नियात, पैसा वाटणारी कचेरी दिल्लीत आणि घेणारी स्त्री उत्तर बिहारच्या एखाद्या टोल्यात, अशी स्थिती असली म्हणजे बुद्धी कोणाची तपासावयाची? नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मेजावरून अशा दानांची कागदपत्रे गेली असतील. म्हणूनच हा प्रश्न येथे काढीत आहो.

उदाहरण डोळ्यांपुढे असावे यासाठी पॅकार्ड घराण्याचे प्रतिष्ठान घेऊ. डेव्हिड पॅकार्ड आणि विल्यम ह्यूलेट या दोघा मित्रांनी १९३९ साली पालो आल्टो येथील एका गॅरेजात विद्युत्-उपकरणांचा धंदा सुरू केला आणि तो जगभर पसरला. १९६४ मध्ये डेव्हिड व त्यांच्या पत्नी लूसिल यांनी प्रतिष्ठान स्थापिले. १९९६ साली डेव्हिड वारले तेव्हा त्यांच्या संपत्तीचा फार मोठा भाग त्याकडे गेला. स्त्रियांचे प्रजनन-आरोग्य हा त्याच्या अनुदानाचा जुना विषय. बिहारमध्ये २००१ पासून काही वर्षे चाललेल्या ‘प्रचार’ या प्रकल्पाला त्याचेच साहाय्य होते. तरुण जोडप्यांनी पहिले मूल थोडे उशिरा होऊ द्यावे व दोन मुलांत अंतर राखावे, असे त्या प्रकल्पाचे सांगणे असे. दुसरा मोठा विषय हवामानबदलाचा. २००८ साली ‘क्लायमेटवर्क्स’ ही संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापक दात्यांत पॅकार्ड आणि ह्यूलेट ही दोन्ही प्रतिष्ठाने होती. (अमेरिकन कायद्याप्रमाणे अशा खाजगी प्रतिष्ठानांना करात सवलत मिळते आणि ठेवीचा सुमारे शेकडा ५ भाग दरसाल खर्चावा लागतो, म्हणजे या दानात तेथील करदात्याचाही वाटा असतो, ही गोष्ट दाते सहसा बोलून दाखवीत नाहीत.)

दोन्ही कार्ये चांगली आहेत. धोका आहे तो त्यांच्या सांगडीत. एकाच थैलीतून दोन्हीकडे पैसा जाऊ लागला की देणाऱ्याच्या नव्हे तरी हिशेब लिहिणाऱ्याच्या मनात एक सोपे गणित उभे राहते: माणसे कमी, तर धूर कमी. पॅकार्ड प्रतिष्ठान असे म्हणते, असा आमचा आरोप नाही. पण सभासंमेलनांतून हे गणित सभ्य पोशाखात वावरताना आम्ही पाहिले आहे. मुळात ते गणित म्हणूनही कच्चे आहे. एका अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कर्बवायू हवेत जातो, एका भारतीयामागे जेमतेम २ टन. आणि बिहारच्या खेडुताचा वाटा त्याहूनही पुष्कळ लहान. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत बिहारमधील स्त्रीमागे सरासरी ३ मुले आढळली, सबंध देशात २. ते तिसरे मूल न झाल्याने आकाश निवळेल, असे मानणाऱ्याने आधी स्वतःच्या मोटारीकडे पाहावे.

यावर व्यवहारी वाचक विचारतील की, हेतू काही का असेना, बाईला गोळी मिळाली ना? औषधाच्या गुणात दात्याच्या हेतूने काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे, आणि नव्वद प्रसंगी फरक पडत नाही हेही आम्ही मान्य करतो. उरलेल्या दहांत मात्र सगळा फरक पडतो. तांबी बसवून घेणारी स्त्री आणि दोन वर्षांनी ती काढून घ्यावयास आलेली स्त्री, या दोघींचा विचार करा. स्त्रीचे हित हा हेतू असेल तर दोघींचीही सेवाच झाली. आकाशाचे हित हा हेतू असेल तर दुसरी स्त्री तोट्याच्या रकान्यात जाते. मूल होत नाही म्हणून रडत आलेली तिसरी तर त्या हिशेबात बसतच नाही. प्रजनन-आरोग्यात तिचाही अंतर्भाव आहे, हे कोणाच्या ध्यानी राहात नाही. स्त्रीला साधन मानले की काय होते, ते आपल्या प्रशासनाने पाहिलेले आहे. १९७६ साली शस्त्रक्रियांचे आकडे भरण्यासाठी शिक्षक-तलाठ्यांपर्यंत कोटे वाटले गेले. तेव्हा पुरुषही साधन झाले होते. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर, १९९६ मध्ये, आपल्या सरकारने अशी लक्ष्ये कागदोपत्री रद्द केली. तरीही २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगढात बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेकजणी प्राणास मुकल्या.

येथे आम्हांस रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ पदरमोड करून चालविले. त्यापायी प्राध्यापकी गेली, खटले सोसावे लागले. लोकसंख्येचा विचार त्यांच्याही लिखाणात येतो. परंतु स्त्रीचे शरीर तिचे स्वतःचे, तिचे सुखही तिचे, हा त्यांचा आग्रह त्या विचाराच्या आश्रयाला कधी गेला नाही. कर्व्यांच्या थैलीत पैसा नव्हता, म्हणून कदाचित तिच्या तोंडाशी दुसरे उद्दिष्ट येऊन बसले नसेल. श्रीमंत दात्याला ती सोय नाही. त्याला आपली उद्दिष्टे मुद्दाम वेगळी राखावी लागतात.

काही वर्षांपूर्वी कोसीच्या खोऱ्यातील एका आरोग्य-उपकेंद्रात आम्ही गेलो होतो. बरोबर एका संस्थेचे पाहुणे होते (वरील प्रतिष्ठानांशी त्यांचा संबंध नव्हता). त्यांनी नर्सबाईंना हवामान आणि कुटुंबनियोजन यांचे नाते समजावून सांगितले. बाईंनी सारे ऐकून घेतले व म्हणाल्या, नाते आहे खरे. पाणी चढले की या केंद्राची वाट बुडते, गोळ्या पोचत नाहीत, अडलेल्या बाळंतिणीला नावेत घालून न्यावे लागते. पाहुण्यांनी मान हलविली, पण टिपण केले नाही. निघताना आम्ही बाईंची वही चाळली. तांबी बसविल्याच्या नोंदींसाठी रकाना आखलेला होता; काढल्याच्या नोंदी समासात, पेन्सिलीने, नावानिशी केलेल्या होत्या. हे आकडे वर कोठे पाठविता, असे पाहुण्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, “कुठेच नाही. त्या पुन्हा आल्या म्हणजे मला आठवण असावी, म्हणून.”