न्याय शब्द दोनदा का?



शोफेतीमच्या परशात मोशे रब्बेनू ‘न्याय’ हा शब्द लागोपाठ दोनदा उच्चारतात. तोरेत एक अक्षरही उगाच नाही. मग दोनदा का? हाखामांनी याचा एक अर्थ सांगितला आहे: न्याय मिळवावा, पण तो न्यायाच्याच मार्गाने.

2024 च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीत रब्बी त्स्वी कोगान यांची हत्या झाली. अशा वेळी आपल्या मनात येते, मारेकऱ्यांना कसले हक्क आणि कसला वकील? 31 मार्च 2025 रोजी अबू धाबीच्या न्यायालयाने तिघांना देहान्ताची व चौथ्याला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तेथे देहान्ताचा निकाल आपोआप वरच्या न्यायालयापुढे जातो. रागावलेल्या मनाला हा उशीर वाटेल. परंतु फाशी दिलेला माणूस परत आणता येत नाही.

त्या देशाची घटना 1971 ची, ती 1996 साली कायम झाली. तिचे 28 वे कलम सांगते की शिक्षा ज्याची त्यालाच. रीतसर खटल्यात गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष. त्याला बचावासाठी वकील नेमता येतो. त्याचा शारीरिक वा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. बापाच्या पापासाठी मुलाला व मुलाच्या पापासाठी बापाला मारू नये, ही अनुवादाच्या 24 व्या अध्यायातील आज्ञा आपल्याला येथे आठवते. हजार अपराधी सुटले तरी चालेल पण एक निरपराधी मरू नये, अशी शिकवण रामबाम यांनी दिली. अबू धाबीत 2023 साली उघडलेले सिनेगॉग त्यांच्याच नावाचे आहे.

पण कागदावरचे कलम पुरेसे नसते. तेथे 2013 साली 94 जणांवर एकत्र खटला चालला. जुलै 2024 मध्ये दुसऱ्या सामूहिक खटल्यात 43 जणांना जन्मठेप झाली. दोन्ही खटल्यांत छळाच्या तक्रारींची नीट चौकशी झाली नाही, असे मानवी हक्क संघटनांचे म्हणणे आहे. न्याय शब्द दुसऱ्यांदा उच्चारायचा तो अशाच ठिकाणी.

कोकणातली, मुंबईतली किती तरी मुले आज आखातात पोट भरतात. त्यांच्यापैकी एखाद्यावर उद्या खोटा आळ आला, तर त्याला हेच कलम आधार देणार. शत्रूसाठी मोडलेले कुंपण मग आपल्या मुलाचेही रक्षण करीत नाही.

म्हणून आपणही, कोणावर आरोप झाल्याचे ऐकताच ओट्यावर बसून निकाल देऊ नये. दोन साक्षीदार तोराही मागते. परमेश्वर आपल्याला तेवढा धीर देवो. आमेन.