मुलांच्या पावलांनी
शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१४

उन्हाळ्याची सुटी आली की जबलपुरातील मराठी घरांत मुंबई-पुण्याच्या आप्तांकडे जाण्याचे बेत होतात, आणि २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालेले ‘इमॅजिका’ उद्यान मुलांना दाखवावे असे आईबापांस वाटते. इच्छा चांगलीच आहे. मात्र बेत कोणाच्या चालीने आखावा?

चारशे माणसांसह आलेला एसाव बरोबर चालण्याचा आग्रह करू लागला, तेव्हा याकोबाने नम्रपणे नकार दिला. लेकरे कोवळी आहेत, आपण त्यांच्या चालीने सावकाश येऊ, असे तो म्हणाला. येथे ‘चाल’ या अर्थी आलेला मूळ इब्री शब्द ‘रेगेल’, म्हणजे पाऊल. याकोबाने वाट मोजली ती लहान पावलांनी.

इटारसी-भुसावळमार्गे रात्रभर प्रवास करून उतरलेल्या चार वर्षांच्या बालकास त्याच दिवशी उद्यानात नेऊ नये. पुष्कळ खेळांना उंचीची अट असते. ती आधीच पाहावी, म्हणजे ऐन वेळी मुलाचा हिरमोड होत नाही. दुपारच्या विसाव्याला वेळ राखावा. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून रडत्या लेकराला ओढत नेणे, ही एसावाची चाल होय. एवढा प्रवास झेपणारा नसेल, तर भेडाघाटची नाव आणि धुवांधारचे तुषार लहानग्यास पुष्कळ आहेत.

यशया ४०:११ मधील मेंढपाळ कोकरांना उराशी धरून चालतो. आपल्या अडखळत्या पावलांसाठी ज्याने आपली गती आवरली, तो प्रभू आपणांसही तसा धीर देवो. आमेन.