पहिली धार

कडक दारूचे कौतुक करताना आपण 'पहिल्या धारेची' म्हणतो. नव्याने भट्टी घालणाऱ्याने हे कौतुक आधी विसरावे.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज तिथे कोणी छोटी भट्टी घालू म्हणेल, तर त्याची यादी ठरलेली: परवाना, तांब्याचे भाण, वाफ निववायला पाणी, अल्कोहोलमापक. तांबे महाग पडते, पण गंधकाचा दर्प ते खेचून घेते. एवढे सारे विकत मिळते.

अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळते. त्याआधीच उडणारी ॲसिटाल्डिहाइडसारखी उग्र द्रव्ये पहिल्या धारेत अधिक उतरतात. जाणकार ती धार बाजूला काढतो. नवख्याला मात्र कर्जाचा हप्ता दिसत असतो. धार मिसळली तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. उलट तिचा झटका त्याला अस्सल वाटतो.

मग ती ओतून द्यायची कोणासाठी? ज्याला पारख नाही, त्याच्या वतीने आपण पारखायचे, हीच धंद्यातली नीती. पण ती ऐन वेळी सुचत नाही. म्हणून फेकायच्या धारेचा खर्च भांडवलातच धरावा. तो झेपत नसेल, तर भाण लहान घ्यावे.