देणं आणि दान

आजचं चिंतन: गीता, अध्याय ३, श्लोक १२. देवांनी दिलेलं त्यांना काही न देता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात.

२०१७ मध्ये केंद्राने किमान मजुरीची राष्ट्रीय पातळी दिवसाला १७६ रुपये केली. तीही राज्यांवर बंधनकारक नव्हती. मजुरी वाढवली तर छोटे धंदे बुडतील, लोकांची कामं जातील, असं म्हणतात. ही भीती अगदीच खोटी नाही. पण मजुरी कमी ठेवून जे स्वस्त मिळतं, त्याची किंमत कुणीतरी भरतंच ना? आपल्या ऑफिसची लादी पुसणाऱ्या मावशी अर्धपोटी राहून ती भरत असतील, तर आपण काय भोगतोय?

दिवाळीला त्यांना मिठाईचा डबा देतो, ते दान. पोटापुरती मजुरी हे देणं. आधी देणं फेडूया, मग दानाचं पुण्य मोजूया.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥