जाणत्याचे ऋण

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील धोक्याचे उत्तरदायित्व कोठे संपते? हा प्रश्न केवळ नियमपुस्तकाचा नव्हे. तो धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा आहे, असे आम्हांस वाटते.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६८ साली घेतलेले, किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० असलेले एक उपकरण होते. १९८५ नंतर ते वापराविना पडून राहिले आणि २०१० च्या फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडण्यात आले. एप्रिलमध्ये तेथील एक कामगार मरण पावला; इतर काही जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या किरणांना ना रंग, ना वास. मग ते उपकरण फोडणाऱ्या हाताला सावध कोणी करावयाचे?

कोबाल्ट-६० ची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. चार दशकांत ती पुष्कळ उतरली, परंतु जीव घेण्याइतकी उरलीच. हा हिशेब विद्यापीठात शिकविला जातो. भंगार फोडणाऱ्याला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कोणी म्हणेल, यात दुष्टावा नव्हता, केवळ विस्मरण होते. खरे आहे, परंतु जाणत्याचे विस्मरण आणि अजाणाचे अज्ञान ही एका तराजूत तोलता येत नाहीत.

देवाचे निर्माल्यसुद्धा आपण कोणाच्या पायदळी येईल असे टाकीत नाही. पूजा संपली तरी त्याची योग्य व्यवस्था लावणे हे पूजकाचेच काम असते. संशोधनाचेही तसेच आहे. विक्रीने वस्तूवरील स्वामित्व सुटते. तिच्यातील धोका जाणल्यामुळे आलेले ऋण मात्र सुटत नाही.