भार, भूमी आणि ओळंबा

जी वास्तू सरळ, स्थिर आणि निर्दोष उभी असते ती आपल्या अंगावर कार्य करणाऱ्या बलांविषयी मौन पाळते. पायाखालची माती किती दाब सोसते आहे, भिंत कोणत्या दिशेने ढकलली जाते आहे, कोणत्या दोन विरोधी ओढींचा समेट होऊन हे स्थैर्य निर्माण झाले आहे, यांपैकी कशाचाही पत्ता ती पाहणाऱ्याला लागू देत नाही, आणि म्हणूनच शाळेतील विद्यार्थ्याला सरळ उभ्या भिंतीकडे बोट दाखवून 'ही समतोलात आहे' असे सांगितले तर त्याला ते मान्य होते, पण त्याचे कुतूहल जागे होत नाही. याच्या उलट, जी वास्तू कलली आहे आणि तरीही पडलेली नाही, ती एका दृष्टिक्षेपात दोन प्रश्न उभे करते: ही कलली का, आणि कलूनही उभी कशी? माध्यमिक शाळेतील भौतिकशास्त्राचा बराच मोठा भाग या दोन प्रश्नांच्या पोटात सामावलेला आहे, असे माझे मत आहे. आणि ते स्पष्ट करण्यासाठी मराठी माणसाला परक्या मुलखात जावे लागत नाही. काशीला मराठ्यांनीच बांधलेल्या एका घाटावर गेले म्हणजे पुरे.

मणिकर्णिकेच्या उत्तरेला लागूनच शिंदे घाट आहे. कागलकर घाटग्यांची कन्या आणि दौलतराव शिंदे यांची पत्नी बायजाबाई यांनी 1827 साली दौलतरावांच्या निधनानंतर ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीची स्तंभांची ओवरी 1828 साली त्यांनीच बांधविली, आणि त्यानंतर 1830 च्या सुमारास गंगेच्या काठी हा घाट उभारण्याची तजवीज केली. खजिना भरलेला होता, बांधविणारीचे मन मोठे होते, चुनारचा उत्तम दगड जवळच मिळत होता, पाथरवट कुशल होते. कशाचीही उणीव नव्हती. तरीही एकोणिसाव्या शतकातच ते अवजड बांधकाम स्वतःच्या भाराने खचले, आणि पुढे विसाव्या शतकात शिंदे घराण्याला घाटाची पुनर्बांधणी करावी लागली. याच ठिकाणी पाण्याच्या अगदी कडेला रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे. त्याचे शिखर सुमारे 9 अंशांनी कललेले आहे. इटलीतील पिसाचा जगविख्यात मनोरा आज सुमारे 4 अंशच कललेला आहे, एवढे सांगितले म्हणजे या कलाचे प्रमाण ध्यानात येईल.

आता पहिल्याने दुसरा प्रश्न घेऊ, कारण तो अधिक सोपा आणि अधिक मूलभूत आहे: हे देऊळ पडत का नाही? गवंड्याच्या हातातील ओळंबा या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रत्येक वस्तूमध्ये एक बिंदू असा असतो की तिचा सगळा भार तेथेच एकवटला आहे असे मानून हिशेब करता येतो. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. त्या बिंदूतून सोडलेला ओळंबा जोवर वस्तूच्या पायाच्या आत पडतो, तोवर पृथ्वीची ओढ तिला उलथून टाकू शकत नाही. तो पायाच्या बाहेर पडला की त्या क्षणापासून तीच ओढ तिला पाडू लागते. उदाहरणादाखल एखाद्या देवळाचा पाया 5 मीटर रुंद आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 4 मीटर उंचीवर आहे असे धरू. देऊळ वर निमुळते होत जाते, त्याचा बहुतेक दगड खालच्या अंगाला असतो, म्हणून गुरुत्वमध्य एकंदर उंचीच्या मानाने खालीच राहतो. 9 अंशांचा कल आला तर ओळंबा पायाच्या मध्यापासून सुमारे 63 सेंटीमीटर सरकेल. कडा मात्र अडीच मीटर दूर आहे. हे देऊळ उलथण्यासाठी कल 32 अंशांपर्यंत जावा लागेल. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जे अद्भुत वाटते ते हिशेबाच्या दृष्टीने नियमाच्या पुष्कळच आत आहे. आणि एका हातात पाण्याची भरलेली बादली घेऊन चालणारा मुलगा नकळत दुसऱ्या अंगाला झुकतो, तेव्हा तोही आपल्या ओळंब्याला दोन पावलांच्या आत आणण्याचेच काम करीत असतो.

परंतु 'पडत नाही' एवढ्यावर थांबणारा विद्यार्थी अर्धेच शिकला. ओळंबा मध्यापासून सरकला म्हणजे पायाखालचा दाब सर्वत्र सारखा राहत नाही. वरील उदाहरणात सरासरी दाब 1 मानला, तर कललेल्या बाजूच्या कडेखाली तो सुमारे पावणेदोन होतो आणि विरुद्ध कडेखाली जेमतेम पाव उरतो. म्हणजे जी बाजू आधीच खचलेली आहे तिच्यावरच अधिक भार येतो, अधिक भाराने ती आणखी खचते, आणि कलातून कल वाढत जाण्याचा धोका उत्पन्न होतो. हा क्रम कोठे थांबेल हे वरच्या दगडाने ठरत नाही, खालच्या मातीने ठरते. दाबामुळे मातीतील पाणी हळूहळू निघून जाऊन ती घट्ट झाली तर कल थांबतो, नाही तर वाढत राहतो. पिसाच्या मनोऱ्याची हकीकत याच कारणासाठी अभ्यासण्यासारखी आहे. 1173 साली सुरू झालेले ते काम तिसऱ्या मजल्याशी आले तेव्हाच मऊ चिकणमातीत खचू लागले आणि बंद पडले. मध्ये जे दीर्घ खंड पडले त्यांत माती घट्ट होण्यास अवकाश मिळाला, म्हणून मनोरा पुरा होऊ शकला. अलीकडच्या काळात त्याचा वाढता कल आवरला गेला तो मनोऱ्याला ओढून नव्हे, तर ज्या बाजूची जमीन उंच राहिली होती तिच्याखालची माती थोडीथोडी काढून घेऊन. दगडाच्या व्याधीवर इलाज मातीत करावा लागला, ही गोष्ट मननीय आहे.

आता पहिला प्रश्न: काठ खचतो का? येथे नदी हिशेबात येते. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून 71.262 मीटर मानतात, आणि 1978 सालच्या महापुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात तेच पाणी अनेक मीटर खाली गेलेले असते. रत्नेश्वराचे देऊळ पावसाळ्यात पाण्यात बुडते आणि पूर ओसरला म्हणजे त्याचा गाभारा गाळाने भरलेला सापडतो. दहा मीटर खोल पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो, तरी त्याने देऊळ चिरडून जात नाही, कारण आतबाहेर पाणी सारख्याच पातळीवर आल्याने दोन्ही बाजूंचे दाब परस्परांना तोलतात. उलट आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे बुडालेल्या दगडाचा भासमान भार कमी होतो. सव्वादोन हजार किलोचा एक घनमीटर दगड पाण्यात साडेबाराशे किलोइतकाच भरतो. तेव्हा पूर चढलेला असताना पायावरचा भार हलका असतो आणि नदीचे पाणी काठाला बाहेरून टेकूही देते.

खरा धोका पूर ओसरताना येतो. नदी झपाट्याने खाली जाते, तिचा टेकू निघून जातो, पण काठाच्या पोटात मुरलेले पाणी तितक्या झपाट्याने बाहेर पडू शकत नाही. ते मातीच्या कणांना परस्परांपासून दूर लोटते, कणांमधील घर्षण घटते, आणि जी माती कोरडी असताना पर्वतप्राय भार पेलते तीच ओली असताना सरकू लागते. मातीचे बळ एकंदर दाबावर अवलंबून नसून पाण्याचा दाब वजा जाता कणांवर जो दाब उरतो त्यावर अवलंबून असते, हा सिद्धांत कार्ल तेर्झागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने मांडला आणि 1925 सालच्या त्याच्या ग्रंथाने मृदायांत्रिकी हे नवे शास्त्र उभे राहिले. बायजाबाईंच्या कारागिरांना दगडाचे ज्ञान पिढीजात होते. ओल्या मातीचे गणित मात्र त्या काळी जगात कोणाच्याच दप्तरात नव्हते. त्यांच्या कौशल्याला यामुळे कमीपणा येत नाही; ज्ञानाची मर्यादा कोठे होती एवढेच यावरून कळते.

नदीचा दुसरा व्यापार याहूनही सूक्ष्म आहे. काशीला गंगा उत्तरवाहिनी होते, म्हणजे येथे तिला मोठे वळण आहे, आणि सगळे घाट त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला बांधलेले आहेत. चहाच्या पेल्यात चमचा गोल फिरवला की पत्ती कडेला फेकली जावी अशी अपेक्षा असते, पण ती तळाशी मध्यभागी गोळा होते. 1926 साली आइनस्टाइनने एका छोट्याशा लेखात या गोष्टीचे कारण सांगून त्याच कारणाने नद्यांची वळणे कशी वाढतात हे विशद केले. तळाशी घर्षणामुळे पाण्याचा वेग मंद होतो, वर तो अधिक असतो. म्हणून वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे जाते, तेथून खाली वळते आणि तळावरून आतल्या काठाकडे परतताना वाळू घेऊन जाते. शिंदे घाटाच्या पायरीवर उभे राहून पाहिले तर हा सिद्धांत डोळ्यांपुढे मांडून ठेवलेला दिसतो: पायांशी खोल पाणी आणि उंच काठ, समोर दूरवर पसरलेली सपाट रेती. हे शहर कंकरमिश्रित कठीण मातीच्या उंचवट्यावर वसलेले असल्यामुळे या माऱ्यासमोर टिकून राहिले. तरी काठाच्या पायथ्याची झीज चालूच असते, आणि जो कोणी तेथे पाण्यापर्यंत दगड नेऊन बसवील त्याला या नदीशी कायमचा करार करावा लागतो.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. रत्नेश्वराविषयी काशीत कथा सांगतात की कोणा एकाने आईसाठी देऊळ बांधून 'मी मातृऋणातून मुक्त झालो' असा अभिमान वाहिला, आणि ते ऋण फिटणारे नसल्याने देऊळ एका बाजूला झुकले. गुरुत्वमध्य आणि मातीचा दाब यांचा हिशेब मांडून आपण या सुंदर कथेचा अव्हेर करतो काय? मला तसे वाटत नाही. कथा माणसाच्या कृतज्ञतेविषयी बोलते आणि तिच्या क्षेत्रात तिचे म्हणणे यथार्थच आहे. ओळंबा दगडाच्या स्थितीविषयी बोलतो आणि त्याच्या क्षेत्रात त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा हुकूम चालत नाही. अनर्थ होतो तो एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर दिल्याने. कल पाहून घाट दुरुस्त करू म्हणणाऱ्याला जर कथा सांगून वाटेला लावले, तर काठ खचत राहील. आणि आईचे ऋण विचारणाऱ्या मुलाच्या हाती जर दाबाचे कोष्टक दिले, तर त्याचे मन कोरडे राहील. दोन प्रश्नांतील हा भेद ओळखण्याचा विवेक हेही विज्ञानशिक्षणाचेच एक फळ आहे.

काशीतील मराठी मंडळींनी हा विवेक पूर्वीपासून जोपासलेला आहे. 1821 साली जन्मलेले बापूदेव शास्त्री हे मूळचे परांजपे. ते 1842 साली काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले, आणि परंपरेने आलेल्या सिद्धांतग्रंथांइतक्याच आदराने त्यांनी युरोपीय गणितही आपलेसे केले. पुढे 1932 साली विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख म्हणून आले आणि सापेक्षतावादावर त्यांनी मौलिक संशोधन केले. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर त्याच विश्वविद्यालयाच्या परिसरात वाढले, शिकले, आणि पुढे गुरुत्वाकर्षणाच्या नव्या उपपत्तीसाठी जगभर ओळखले गेले. जी ओढ घाटावरच्या ओळंब्याची दोरी ताठ ठेवते, तिच्याच स्वरूपाचा शोध या पितापुत्रांनी आकाशगंगांच्या पसाऱ्यात घेतला. विज्ञानाची खरी प्रतिष्ठा त्याच्या या एकतेत आहे: त्याचा नियम देवळाला एक, मनोऱ्याला दुसरा आणि तारकांना तिसरा असा नसतो, आणि सरदाराच्या खजिन्याकडे पाहून तो सूट देत नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ही एकता प्रकरणांच्या भिंतींनी तुटते. दाब एका इयत्तेत, प्लावक बल दुसऱ्या इयत्तेत, घर्षण आणखी कोठे, अशी विभागणी अध्यापनाच्या सोयीसाठी आवश्यक असेल. परंतु प्रत्यक्षात ही बले पाळीपाळीने येत नाहीत, एकाच क्षणी एकाच दगडावर येतात. म्हणून माझी सूचना एवढीच आहे की शिक्षकांनी वर्षातून काही तास तरी प्रकरणांची हद्द ओलांडून विद्यार्थ्यांना त्यांच्याच गावातील एखाद्या बिघडलेल्या वस्तूपाशी न्यावे: फुगलेली गढीची भिंत, खचलेला नदीचा घाट, वाकलेला विजेचा खांब, तडा गेलेला बंधारा यांपैकी काहीही चालेल. तेथे दोरीला दगड बांधून ओळंबा सोडावा, कल मोजावा, माती हातात घेऊन पाहावी, पाणी कोठून आले आणि कोठे अडले याचा माग काढावा, आणि मग सूत्राकडे यावे. ज्या मुलाने असा एक कल स्वतः मोजला, त्याला समतोलाची व्याख्या पाठ करावी लागणार नाही. आणि उद्या तो अभियंता होवो, शेतकरी होवो की गावाच्या पंचायतीचा सदस्य होवो, बांधकामाची मंजुरी देण्यापूर्वी खालची जमीन काय म्हणते हे विचारल्याखेरीज तो सही करणार नाही. भौतिकशास्त्र शाळेत शिकवण्याचे याहून मोठे प्रयोजन मला दिसत नाही.